नाताळचे झाड घेताना आधी माळ्याचे माप घ्या

नाताळचे कृत्रिम झाड घरात फार तर महिनाभर उभे असते. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी ते लागते आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की उतरते. उरलेले अकरा महिने ते माळ्यावर नाहीतर पलंगाच्या पेटीत पडून असते, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यातच आले. वसई, मुंबई, गोवा अशा दमट हवेत झाड खराब होते ते बहुतेक वेळा तिथेच. म्हणून टेप घेऊन पहिले माप माळ्याच्या दाराचे घ्या. सहा फुटी झाडाचे खोके साधारण तीन ते चार फूट लांब असते, पण ते नवे असताना. एकदा उलगडलेले झाड त्याच खोक्यात परत मावत नाही. फांद्या कितीही आवळून बांधल्या तरी गठ्ठा फुगतोच. माळ्यावर दीडपट जागा धरा.

आता खोली. फ्लॅटचे छत बहुधा नऊ-साडेनऊ फुटांवर असते, फॉल्स सीलिंग असेल तर त्याहून खाली. छतापासून निदान एक फूट मोकळे ठेवा आणि वर लावायची चांदणी त्या हिशोबात धरा. खोक्यावरची उंची स्टँडच्या पायापासून शेंड्याच्या टोकापर्यंतची असते. म्हणजे सहा फुटी झाडात खालचे सहा-आठ इंच नुसता दांडा आणि वरचे तेवढेच चांदणीसाठीचे एकटे टोक; भरगच्च दिसणारा भाग पाच फुटांच्या आसपास. दहा बाय पंधराच्या हॉलला तेवढे पुरते.

उंचीपेक्षा लोक रुंदीत जास्त फसतात. नेहमीच्या सहा फुटी झाडाचा घेर खालच्या बाजूला साडेतीन ते चार फूट आडवा असतो, सडपातळ प्रकारात दोन ते अडीच. जिथे झाड उभे करायचे तिथे रुंदीच्या निम्मी सुतळी घ्या, एक टोक मध्यभागी धरा आणि खडूने फरशीवर गोल काढा. तो गोल एक दिवस तसाच राहू द्या. बाल्कनीचे दार त्यावर घासले किंवा येता-जाता पाय त्यात पडू लागला तर सडपातळ झाडच घ्या. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा झाडाखाली मांडायचा असेल तर पुढे आणखी दीड फूट लागते. जागा फारच कमी असेल तर टेबलावरचे तीन फुटी झाड आणि शेजारी गोठा ही मांडणी कोपऱ्यात कोंबलेल्या मोठ्या झाडापेक्षा केव्हाही चांगली.

पंखा विसरू नका. आपल्याकडे डिसेंबरातही तो चालू असतो. नेहमीच्या पंख्याची पाती १२०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरतात. त्याच्या थेट खाली झाड आले तर झिरमिळ्या उडतात, हलके गोळे गळतात, कागदी चांदणी दिवसभर हेलकावते.

पट्टीचे झाड की साच्याचे?

स्वस्त झाडांच्या सुया पीव्हीसीच्या पातळ पट्टीतून कापलेल्या असतात आणि दोन तारांच्या पिळात अडकवलेल्या असतात. महाग झाडांच्या फांद्यांची टोके पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची, साच्यात ओतलेली. ती जाड आणि खऱ्या फांदीसारखी दिसतात. दोन्ही मिसळलेले झाडही मिळते: बाहेरून साच्याची टोके, आत खोडाजवळ पट्टीचा भराव. घरासाठी आमची पसंती याच प्रकाराला. दिसायला खरे, आतून भरलेले, आणि अख्ख्या साच्याच्या झाडाइतके जड नाही.

खोक्यावर टोकांचा आकडा लिहिलेला असतो. सहा फुटी झाडाला सहाशेपेक्षा कमी असतील तर खोडाची नळी डोळ्यांत भरते. आठशे ते हजार असले की झाड भरलेले वाटते. मात्र आकड्यावर पूर्ण भिस्त नको. बोटाएवढी बारीक आणि आखूड टोके लावूनही तो वाढवता येतो. मांडून ठेवलेले झाड असेल तर दोन पावले मागे या आणि छातीच्या उंचीवर खोड दिसते का ते बघा.

मग हात लावा. एका फांदीवरून सुयांच्या उलट दिशेने तळवा फिरवा. दोन-चार पट्ट्या गळल्या तर ठीक, तळहात हिरवा झाला तर पुढच्या वर्षी फरशीवर तेच दिसणार. त्यानंतर घरच्या किल्ल्यांचा जुडगा टोकापासून चार बोटे आत अडकवा. फांदी थोडी झुकून थांबली पाहिजे. लोंबली तर तार पातळ आहे आणि काचेचे गोळे ती पेलणार नाही. शेवटी तारेचे टोक चाचपा. ते उघडे आणि टोचरे असेल तर लहान मुलांच्या घरात ते झाड नको.

फांद्या खोडाला बिजागरीने जोडलेल्या घ्या. खोडाचे भाग एकात एक बसवले की त्या वजनाने आपोआप खाली पडतात. हुकाने अडकवायच्या फांद्यांवर रंगाच्या खुणा असतात, त्या दोन-तीन वर्षांत पुसल्या जातात आणि मग कोणती फांदी कुठली हे जुळवण्यात संध्याकाळ जाते.

स्टँड चार पायांचे, लोखंडी असावे. प्लॅस्टिकचे तिपाई स्टँड बहुधा एकाच जागी तडकते: दांडा आवळायचा स्क्रू जिथे कडेतून आत जातो तिथे. लोखंडी पायांना रबरी टोप्या आहेत ना ते पाहा. नसतील तर ओल्या पोछ्याने गंज चढतो आणि फरशीवर तपकिरी डाग पडतो.

बर्फाचा पांढरा थर दिलेले झाड किनारपट्टीवर घेऊ नये. दमट हवेत तो थर पिवळा पडतो, चिकट होतो आणि धूळ धरून बसतो. लाइट आधीच गुंडाळलेले झाडही टाळाच, कारण माळेचा एक भाग गेला की ती सोडवून काढणे जवळपास अशक्य असते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी असे झाड आणले तर प्लगवरचा आकडा आधी वाचा. १२० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये माळ जळेल. १०० ते २४० लिहिले असेल तर चालेल. वेगळी एलईडीची माळ घ्या, फुटाला साधारण शंभर दिवे धरा, आणि ती खोडाकडून टोकाकडे व परत अशी फिरवा. नुसती बाहेरून गुंडाळली तर झाड दोरीने बांधल्यासारखे दिसते. झोपताना माळ बंद करा. पीव्हीसी सहसा ज्योत दूर होताच विझते, पण पॉलिएथिलीन मेणासारखे जळते, त्यामुळे गोठ्यातली मेणबत्ती झाडापासून लांब हवी.

नवे झाड उलगडताना

पीव्हीसीचा वास जायला झाड एक दिवस खिडकीशी ठेवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण सुया हातावर ओरखडे काढतात. खालच्या रांगेपासून सुरुवात करा आणि प्रत्येक फांदीचे खोडाजवळचे टोक सर्वांत आधी उलगडा. एक टोक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर. बहुतेक जण बाहेरची टोके पसरून थांबतात, आणि मग चांगले झाडही विरळ दिसते. सहा फुटी झाडाला पाऊण ते एक तास द्या. जड चांदणीने शेंडा वाकत असेल तर बांबूची काडी हिरव्या तारेने त्याला बांधा.

उतरवताना कोरड्या ब्रशने धूळ झाडा. धुऊ नका, पिळात पाणी राहून तार गंजते. प्रत्येक भाग सुती पट्टीने वेगळा बांधून त्यावर १, २, ३ असे लिहा. पुठ्ठ्याच्या खोक्यात झुरळे आणि वाळवी होतात, त्यापेक्षा चेनची जाड पिशवी बरी. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका. माळा पत्र्याखाली असेल तर तिथे ठेवू नका, उन्हाळ्याच्या तापाने टोके चपटी होतात. स्टँडचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून ती खोडालाच बांधा.