फसलेल्या माणसासाठी वेबपेज बांधताय? मग आधी हे वाचा

माझी सगळी नोकरी बँकेत झाली. निवृत्त झाल्यावर नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या ओळखीपाळखीतून फोन येऊ लागले, "काका, खात्यातून पैसे गेले, आता काय करू?" पुतणी वेबसाइट बनवते. दोघांनी बसून अशा लोकांसाठी एक लहानसं व्यासपीठ बांधलं. कोणाला आपल्या भागात असंच काही करायचं असेल, तर आमचा हिशेब सांगतो.

'पैसे परत मिळवून देतो' ही ओळ साइटवर कुठेही नको. फसलेल्याला दुसऱ्यांदा लुटणारे हेच वाक्य बोलत येतात. आपलं काम एवढंच, की माणूस लवकरात लवकर योग्य दारात पोचावा आणि पोचेल तेव्हा त्याच्या हातात नीट कागद असावा.

म्हणून पहिल्या पडद्यावर एकच मोठं बटण ठेवा. दाबलं की सरळ 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लागली पाहिजे. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात काही मिनिटांत फिरवतो. 1930 च्या यंत्रणेला बँका जोडलेल्या आहेत, त्यामुळे पैसा वाटेत जिथे सापडेल तिथे थोपवता येतो. एकदा एटीएममधून निघाला की संपलं. लाइन व्यस्त असू शकते, म्हणून खाली राष्ट्रीय सायबरक्राईम पोर्टलची लिंक द्या. त्याखाली सूचना लिहा: बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर पाहा, गूगलवर शोधू नका. संस्थेची माहिती, उद्घाटनाचे फोटो, नगरसेवकांचे हार हे सगळं पार तळाला.

दुसरं बटण आम्ही मुद्दाम ठेवलं: 'ते लोक अजून कॉलवर आहेत'. डिजिटल अरेस्टवाल्यांनी, म्हणजे खोटे पोलीस बनून 'तुम्हाला अटक झाली' म्हणणाऱ्यांनी, व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलेला माणूस फॉर्म कशाचा भरतो? त्याला पडद्यावर दोनच ओळी दिसाव्यात. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार नाही. कॉल कापा आणि घरच्यांना हाक मारा.

अ‍ॅप काढू नका बावा! वीज कापण्याची धमकी, आरटीओचं चलान, लग्नपत्रिका अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एपीके फाइलीनेच तर अर्धे लोक बुडाले, आणि आपण त्यांना अजून एक फाइल उतरवायला सांगायची? साधं, हलकं वेबपान पुरे. लॉगिन नको, ओटीपी तर नकोच. मराठीच्या शेजारी हिंदीचं बटण हवं. जरीपटका, मोमिनपुऱ्याचा हिंदी बोलणारा माणूसही येणार आहे.

आता फॉर्म. खरी मेहनत इथे आहे. घाबरलेला माणूस स्क्रीनशॉटचा ढीग पाठवतो आणि त्यातून व्यवहार क्रमांक शोधताना समोरचाही थकतो. प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ करा: तारीख, वेळ, रक्कम, कोणत्या बँकेतून गेले, कोणाकडे गेले, व्यवहार क्रमांक. क्रमांक तपासायची सोय पुतणीने माझ्याकडून माहिती काढून केली. यूपीआय आणि आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक 12 अंकी असतो. एनईएफटीचा यूटीआर (व्यवहार क्रमांकच) 16 अक्षरांचा, आरटीजीएसचा 22. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, 11 अक्षरांचा, त्यात पाचवं नेहमी शून्य, तिथे लोक हमखास इंग्रजी 'ओ' टाकतात. चूक दिसली की फॉर्मने तिथेच थांबवावं. शेवटी सगळं एका पानावर उतरावं, जे छापूनही नेता येईल आणि 1930 वर वाचूनही दाखवता येईल.

ही माहिती तुमच्या सर्व्हरवर येऊच देऊ नका. फॉर्म त्या माणसाच्या फोनमध्येच भरला जावा, तिथेच पीडीएफ बनावी, पान बंद केलं की पुसलं जावं. आधार, पॅन, पिन विचारायचं कारणच नाही. कोण किती रुपयांना फसला याची यादी चोरांच्या दृष्टीने सोन्याची आहे. जे गोळाच केलं नाही, ते चोरीला जात नाही.

आमच्या पानावर सगळ्यात कामाची ठरली ती तारखेची आकडेमोड. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा अनधिकृत व्यवहारात बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. संदेश आला तो दिवस मोजत नाहीत आणि सुट्ट्या आपल्या शाखेच्या धरतात. दुसरा आणि चौथा शनिवार लोक विसरतात, यंत्र विसरत नाही. ओटीपी स्वतःच सांगून टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून 'बँकेला कधी कळवलं' हा रकाना सक्तीचा ठेवा, तक्रार क्रमांकासकट. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तीही तारीख पानाने काढून द्यावी.

साइट पोलिसांची वाटेल असं काही करू नका. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, आणि तशीही खोटी राजमुद्रा दाखवूनच लोकांना फसवतात.

फोनवर बसणारे स्वयंसेवक नेमले तर 'असे कसे हो फसलात?' या प्रश्नावर बंदी घाला. "काकू, शेवटचे पैसे किती वाजता गेले?" इथून सुरुवात करायची. कारण विचारलं की माणूस सफाई देत बसतो आणि वेळ जाते.

उघडण्याआधी फोन एखाद्या सत्तरीच्या शेजाऱ्याच्या हातात द्या, उन्हात, अंगणात, चष्म्याशिवाय. काही समजावू नका, नुसतं बघा. बोट जिथे अडलं तिथे बदल करा.

नंबर पानभर विखरून लिहू नका, एकाच जागी ठेवा. 2021 मध्ये ही हेल्पलाइन 155260 होती, पुढे 1930 झाली, आणि जुना नंबर छापलेली पत्रकं तशीच फिरत राहिली. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या लिंका उघडून आणि नंबर ताडून बघायचं काम एका माणसाच्या नावावर लावा, समितीच्या नको.