पाडव्याला गुल्लक, दसऱ्याला सायकल

पावसाळा सरला की इंदूरच्या बायपासपलीकडे, रालामंडलच्या अंगाला, रविवारी सकाळी गिअरच्या सायकली दिसू लागतात आणि घरात धोशा सुरू होतो: मला माउंटन बाइक हवी. बाबांचं उत्तर ठरलेलं असतं, "बघू." मराठी घरात "बघू"चा अर्थ काय, हे तुला सांगायला नको. त्या "बघू"चं "चल, घेऊ" कसं करायचं, ते सांगतो.

पैसे साठवायची मुदत अकरा महिन्यांची धर. दिवाळीच्या पाडव्याला सुरुवात, पुढच्या दसऱ्याला खरेदी. तेराव्या-चौदाव्या वर्षी उंची वर्षभरात पाच-सहा सेंटीमीटर सहज वाढते. तीन वर्षं पैसे साठवत बसलं, तर आज मनात भरलेली सायकल तोवर तुलाच तोकडी होईल. शिवाय दसऱ्यापर्यंत पाऊस ओसरलेला असतो, ते वेगळंच.

१. आधी दुकानात जा, खिशात पैसे न ठेवता

दोन-तीन दुकानं फिर, सायकलींवर बसून बघ. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत दोन-तीन इंचांची फट हवी. चाकं २६, २७.५ आणि २९ इंची मिळतात. नुसत्या चाकाच्या मापावर जाऊ नकोस, फ्रेमचं माप वेगळं असतं आणि तेच जास्त महत्त्वाचं.

आमच्या भाच्याने हे काही न बघता, मागे-पुढे दोन्हीकडे स्प्रिंगा असलेली स्वस्त सायकल घेतली होती. दिसायला झकास! पण वजनाला लोखंडी कपाट, आणि पायडल मारलं की अर्धा जोर मागच्या स्प्रिंगेतच जिरायचा. कमी बजेटमध्ये फक्त पुढे सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा, असलेलीच सायकल बरी. २१ गिअर म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चकत्यांचा गुणाकार, आकड्याला भुलू नकोस. ब्रेक मात्र डिस्कचेच बघ. माळव्याची काळी माती ओली झाली की चाकाला लगद्यासारखी चिकटते आणि रिमला धरणारे ब्रेक त्यात बरबटतात. डिस्क म्हणजे ब्रेकची चकती चाकाच्या मध्याशी असते, त्यामुळे ती या चिखलातून बरीचशी सुटते.

२. पूर्ण बेरीज मांड

नुसती सायकलची किंमत म्हणजे खर्च नव्हे. समजा सायकल १८,००० रुपयांची. हेल्मेट १,५००, कुलूप ४००, पंप आणि पंक्चरचं सामान ६००, मडगार्ड ३००, पुढचा-मागचा दिवा ५००, पहिली सर्व्हिसिंग ७००. झाले २२,०००. हे वरचे चार हजार कुणी धरत नाही, म्हणून ऐन वेळी हेल्मेट "नंतर घेऊ" होतं. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या भावांवर हिशेब करू नकोस. बिल घेच.

३. घरी लेखी करार

बेरीज वहीत लिहून आईबाबांपुढे ठेव आणि म्हण, "अर्धे मी जमवते, अर्धे तुम्ही घाला." मुलगा असशील तर "जमवतो". "सायकल द्या" म्हणण्यापेक्षा याला वजन आहे. दोघांची सही घे. मार्क कमी पडले तर काय, हेही तेव्हाच ठरव. नाहीतर सहामाहीच्या निकालानंतर करारात नवी कलमं घुसतात.

४. अकरा हजार कुठून येणार?

पॉकेटमनीतून महिना ३५० वाचले तर अकरा महिन्यांत ३,८५०. छप्पन दुकानांवर किंवा सराफ्यात खायला जाऊच नकोस, असं सांगण्याइतका मी दुष्ट नाही. चारऐवजी दोनदा जा. रविवारचे पोहे-जिलेबी घरच्यांबरोबरच खा, ते त्यांच्या खात्यात.

वाढदिवस आणि सणांचे पैसे मिळून ३,००० धरू. मुलींना राखी आणि भाऊबीज अशी दुहेरी ओवाळणी मिळते. मुलांनी मात्र बहिणीला द्यायची ओवाळणी आधीच वजा करावी. मुंजीतल्या आहेराचे पैसे तुझ्या नावावर कुठे ठेवलेत, हे एकदा विचारून बघ. ते मोडायचे नाहीत, पण विचारायला हरकत नाही.

उरले ४,१५०. ते कमवायचे. ओळखीत कुणी फराळाच्या ऑर्डरी घेत असेल, तर डबे भरायला आणि पोचवायला त्यांना हात हवेच असतात. गणपतीत मोदकांचंही तसंच. धाकट्या मुलांना गणित शिकव, कॉलनीतल्या सायकली धुऊन चेनला तेल दे. परीक्षा संपली की गाईड आणि पुस्तकं खजुरी बाजारात विचारून बघ, किंवा सरळ पुढच्या वर्गातल्या मुलांना विक. रद्दी आईच्या परवानगीनेच. चौदा वर्षांखालच्यांनी बाहेर नोकरी करणं कायद्याने बंद आहे आणि चौदा ते अठरा वयात धोक्याची कामं चालत नाहीत, तेव्हा वर्कशॉपात वगैरे शिरू नकोस.

५. पैसे हाताशी ठेवू नकोस

गुल्लक महिन्यापुरतीच. महिन्याच्या शेवटी ती रिकामी करून पैसे खात्यात टाक. दहा वर्षांवरच्या मुलांना पोस्टात स्वतः चालवता येणारं बचत खातं उघडता येतं. किमान ५०० रुपये लागतात, व्याज ४ टक्के. अकरा महिन्यांत व्याज मिळेल दोनेकशे रुपये, म्हणजे फार नाही. पण पैसे काढायला पोस्टात जावं लागतं, आणि कचोरीसाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही.

कपाटाच्या दाराआत कागद चिकटव आणि दर हजाराला एक घर रंगव. एखादा महिना कोरा गेला तर पुढच्या महिन्यात दुप्पट भरण्याची शपथ घेऊ नकोस, ती टिकत नाही. राहिलेली रक्कम उरलेल्या महिन्यांत वाटून टाक.

६. खरेदीच्या दिवशी

माप पुन्हा घे. पहिल्या फेरीत जमलेली फ्रेम आता एक नंबर लहान पडू शकते. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेव, पाय सरळ झाला पाहिजे. थोडी चालवून सगळे गिअर बदलून बघ. गिअर-ब्रेकच्या नवीन तारा थोड्या ताणल्या जातात, म्हणून महिन्याभराने ती सातशेची सर्व्हिसिंग चुकवू नकोस.

घरी आल्यावर सायकल उलटी कर. पायडलच्या अक्षाखाली फ्रेमवर बहुधा नंबर कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून आईच्या मोबाइलवर पाठव. मग पूजा. झेंडूची माळ हँडललाच बांध, चाकाजवळ नको, पाकळ्या चेनमध्ये जातात.