तोच प्रश्न पुन्हा विचारायचा असेल तर

जर्मनीत श्टुटगार्टला येऊन मला १९ वर्षं झाली. "टॅक्सचा नंबर अजून आला नाही, काय करू?" हा प्रश्न दर ऑक्टोबरात इथे नव्याने आलेलं कुणी ना कुणी विचारतंच. तुम्हीही विचाराल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझा उलट प्रश्नही ठरलेला आहे: पत्रपेटीवर तुमचं आडनाव लावलंय का? आपल्याकडे पोस्टमन गल्लीत चौकशी करून पत्र पोचवतो. इथे पेटीवर जुन्याच भाडेकरूचं नाव असलं तर टॅक्सच्या ११ आकडी नंबराचं पत्र आल्या पावली परत जातं. नंबर कंपनीकडे पोचला नाही, तर पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे भरपूर कर कापला जाऊ शकतो. कागदाची पट्टी चिकटपट्टीने लावली तरी काम भागतं.

म्हणून विचारताना आपली परिस्थिती सांगा. गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या एका मुलाचा मेसेज आला, "अनमेल्डुंग कशी करायची?" अनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी. पण एवढ्यावर मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी त्यानेच नीट लिहिलं: १ तारखेला राहायला आलोय, घर मित्राने भाड्याने घेतलंय, मित्र परदेशी गेलाय, १४ दिवसांची मुदत संपत आलीये, घरमालकाच्या सहीचा कागद कुठून आणू? त्याचं उत्तर मला लगेच देता आलं. पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर तो कागद मूळ भाडेकरूही सही करून देऊ शकतो. मात्र पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी घेतलेली हवी. मित्राने कागद सही करून पाठवला आणि त्याचं काम झालं.

काही गोष्टी विचारण्याआधी स्वतः वाचता येतात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं, तेही तीन हप्त्यांत देता येतं, हे कायद्यातच आहे. पण काही उत्तरं शिळी होतात. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास, मे २०२३ मध्ये ४९ युरोंचं होतं, जानेवारी २०२५ पासून ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. अशा बाबतीत पुन्हा विचाराच, आणि कुणी "हे मागे सांगितलं होतं" म्हणालं तरी मनाला लावून घेऊ नका. आम्हा जुन्या लोकांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे: उत्तर द्यायला वेळ नसेल तर गप्प राहावं, पण नव्या माणसाला झिडकारू नये. परक्या गावात पहिल्या महिन्यात माणूस आधीच धास्तावलेला असतो.

एक गोष्ट मात्र मला खरंच लागते. एकाच वेळी चौघांना तोच प्रश्न विचारू नका. एका कुटुंबाने बालवाडीच्या जागेसाठी आम्हा चौघींना वेगवेगळं गाठलं, आणि आम्ही चौघींनी एकाच बालवाडीत फोन केले. तिथल्या बाई वैतागल्या. दोघांना विचारायचं असेल तर तसं दोघांच्याही कानावर घाला. काम झालं की काय झालं तेही कळवा. इथे राहायला आल्यापासून भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि गाडी चालवून दाखवायची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. एका मुलीने दोन्ही पास झाल्यावर सगळा क्रम मराठीत लिहून पाठवला. आता कुणी विचारलं की मी तिचंच टिपण पुढे पाठवते.

आणि केरवोखं, म्हणजे जिना झाडायची पाळी, त्याबद्दल मला नाही, शेजाऱ्यांना विचारा. प्रत्येक इमारतीची रीत वेगळी. माझ्या दारावर पहिल्यांदा पाळीची पाटी लटकली तेव्हा मी वरच्या आजींना मोडक्या जर्मनमध्ये विचारलं. त्यांनी सांगितलं, मला अर्धंच कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवलं. त्या काही न बोलता झाडू घेऊन खाली आल्या, पत्रपेट्यांखालचा कोपरा झाडून दाखवला आणि झाडू माझ्या हातात दिला.