व्हॉल्व्हची लांबी मोजताना: हेडच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आफ्टरमार्केट (मूळ कंपनीऐवजी इतरांनी बनवलेलं) सिलिंडर हेड विकत घेताना किंवा जुळवताना नव्या मुलाला पहिला अडथळा येतो तो ‘प्लस हंड्रेड’ या शब्दाचा. शेव्हरोलेटच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनाचं उदाहरण घ्या, कारण आफ्टरमार्केट हेडचा सर्वांत मोठा बाजार याच इंजिनाभोवती उभा राहिला. त्याचा कंपनीचा व्हॉल्व्ह साधारण 4.91 इंच लांब असतो. ‘प्लस हंड्रेड’ म्हणजे त्याहून 0.100 इंच, म्हणजे 100 थाऊ किंवा 2.54 मिमी जास्त. स्टेमचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याचा, व्यास तोच, 11/32 इंच. दोन व्हॉल्व्ह हातात घेतले तर फरक नजरेला जेमतेम कळतो. म्हणूनच चुका होतात.

आधी लांबी वाढवतात कशासाठी, ते समजून घ्या. कंपनीच्या हेडमध्ये स्प्रिंगची बसवलेली उंची, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असतानाची उंची, सुमारे 1.700 इंच असते. कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर) व्हॉल्व्हपाशी 0.550 इंच धरली, तर पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगला 1.150 इंच जागा उरते. स्प्रिंगच्या कड्या 1.150 लाच एकमेकींवर टेकत असतील, तर तिथे काहीच मोकळीक नाही. पुशरॉड (कॅमची हालचाल वर नेणारी काडी) वाकतो, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) तुटतो. व्हॉल्व्ह 100 थाऊ लांब घेतला की बसवलेली उंची 1.800 होते आणि तेवढ्याच लिफ्टला 100 थाऊ मोकळे मिळतात. कड्या टेकण्याआधी निदान 60 थाऊ राखायला हवेत.

इथे एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा असतो: लांब व्हॉल्व्ह पिस्टनला आपटेल. तसं होत नाही. व्हॉल्व्ह सीटवरच (हेडमधल्या त्याच्या बैठकीवरच) बसतो आणि वाढलेली लांबी वरच्या, स्प्रिंगच्या बाजूला निघते. पिस्टनपासूनचं अंतर बदलतं ते कॅम, सीटची खोली, हेड किंवा ब्लॉकचा घासलेला पृष्ठभाग यांमुळे. ते वेगळं तपासायचंच: इनटेकला 80 आणि एक्झॉस्टला 100 थाऊ ही सर्वसाधारण किमान मोकळीक.

आता मोजणी. स्टेमच्या टोकापासून डोक्याच्या तळापर्यंत व्हर्नियर लावून मिळते ती एकूण लांबी, आणि ती अर्धीच माहिती देते. डोकं सपाट आहे की खोलगट, कडेची जाडी किती उरली आहे, यावर ती बदलते. रॉकरला त्याच्याशी देणंघेणं नाही. रॉकरला कळतं ते फक्त टोक किती वर आलं आहे. म्हणून दोन व्हॉल्व्हची खरी तुलना हेडमध्येच करा. कार्बन पूर्ण काढा, सीट आणि फेस (व्हॉल्व्हची सीटवर टेकणारी कड) कापडाने पुसा, पहिला व्हॉल्व्ह बसवा, खालून बोटाने सीटवर घट्ट दाबून धरा आणि स्प्रिंग जिथे टेकते तिथून टोकापर्यंतची उंची हाइट गेजने मोजा. मग दुसरा व्हॉल्व्ह त्याच सीटमध्ये, त्याच दाबाने. डोक्याचा व्यास आणि फेसचा कोन सारखे असतील तर दोन वाचनांतला फरक हाच कामाचा फरक. स्प्रिंगखाली कप असेल तर तो बसवूनच मोजा. 60 थाऊचा कप विसरला की सगळा हिशेब 60 थाऊने चुकतो.

एका हेडला आठ व्हॉल्व्ह. आठही मोजा, कागदावर लिहा. इनटेक आणि एक्झॉस्टच्या लांबीत थोडा फरक मुळातच असू शकतो, त्यामुळे इनटेकची तुलना इनटेकशीच. सीट कापली की टोक वर येतं, हेही लक्षात ठेवा. 45 अंशाच्या सीटवरून लंबदिशेने 5 थाऊ काढले, तर व्हॉल्व्ह 7 थाऊ आत जातो. फेसही घासला तर त्यात आणखी भर. टोक जुळवायला वरून घासण्याचा मोह होतो; 10 थाऊच्या पुढे जाऊ नका. तिथला कठीण थर पातळ असतो, आणि कॉटरच्या (रिटेनरला स्टेमवर अडकवणाऱ्या पाचरींच्या) खाचेपासून टोकापर्यंतचं अंतर कमी झालं की रॉकर रिटेनरला, म्हणजे स्प्रिंगवरच्या टोपीला, घासू लागतो.

स्प्रिंगची उंची कमी करायची तर 15, 30 किंवा 60 थाऊचे शिम (स्प्रिंगखालच्या पातळ चकत्या). वाढवायची तर 50 थाऊ वर धरणारे कॉटर मिळतात. 350 पौंड प्रति इंच ताठरतेच्या स्प्रिंगखाली 60 थाऊचा शिम घातला की सीटवरचा दाब 21 पौंडांनी वाढतो. हे गणित कागदावर करूनच शिम उचला.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जुने पुशरॉड तसेच ठेवल्याने. स्टडवर बसणाऱ्या रॉकरचा नट फिरवून क्लिअरन्स जुळतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण टोक 100 थाऊ वर गेलं आणि रॉकरचा कोन पूर्वीचाच ठेवायचा, तर अख्खा रॉकर 100 थाऊ वर जायला हवा, म्हणजे पुशरॉडही साधारण तेवढाच लांब हवा. नाहीतर रॉकरचा रोलर टोकावरून आडवा घासत जातो आणि स्टेम ज्यातून सरकतो ते गाइड एका बाजूने झिजतं. शेव्हरोलेटच्याच नंतरच्या एलएससारख्या इंजिनात रॉकर ठरावीक उंचीवर आवळलेला असतो, नट फिरवून जुळवायची सोय नाही. तिथे 1.7 गुणोत्तराने टोक 20 थाऊ वर आलं की हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधला तेलाच्या दाबावर चालणारा भाग) सुमारे 12 थाऊ जास्त दाबला जातो.

पुशरॉडची लांबी ठरवताना हलकी तपासणी-स्प्रिंग, सॉलिड टॅपेट आणि लांबी बदलता येणारा पुशरॉड वापरा; हायड्रॉलिक टॅपेट दबतो आणि खोटं माप देतो. टोकाला मार्करची शाई लावा, क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि रॉकर काढून खूण बघा. पट्टा जितका अरुंद तितकं चांगलं. रुंद पट्टा बरोबर मध्यभागी असला तरी लांबी चुकलेलीच आहे. अरुंद पट्टा थोडा बाजूला असेल तर दोष बहुधा पुशरॉडचा नसून रॉकर किंवा स्टडच्या जागेचा असतो. सगळं जमल्यावर रॉकर कव्हरच्या आत मातीचे छोटे गोळे चिकटवा, कव्हर आवळून पुन्हा दोन फेरे द्या. उंचावलेले रॉकर कुठे टेकतात ते गोळ्यांवर दिसेल, आणि टेकत असतील तर जाड गॅस्केट किंवा उंच कव्हर लागेल.