वस्तीत दुकानगाळे किंवा मंगल कार्यालय येणार असेल, तर प्रस्ताव तपासताना या चुका टाळा

नगररचना कार्यालयातील रचना सहायकाची नोकरी संपून मला बरीच वर्षे झाली, तरी दर दोन-तीन महिन्यांनी नागपुरातल्या कोणत्या ना कोणत्या ले-आउटमधील मंडळी नकाशांची गुंडाळी घेऊन घरी येतात. शेजारच्या भूखंडावर गाळे, कोचिंग क्लास किंवा मंगल कार्यालय होणार असते, आणि प्रस्ताव वाचण्याआधीच विरोधाचे निवेदन टंकून, दोनशे सह्या घेऊन तयार असते.

त्या निवेदनाचे पहिले वाक्य बहुतेक वेळा असे असते, की हा रहिवासी भाग असल्याने येथे व्यापारी बांधकाम करता येत नाही. हे वाक्य जसेच्या तसे खरे नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार रहिवासी क्षेत्रातही कित्येक व्यापारी वापर चालतात, आणि कोणता वापर चालेल हे मुख्यतः भूखंडासमोरील रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. त्यामुळे मी आधी भाग नकाशा (विकास आराखड्यातील त्या भूखंडाभोवतीचा तुकडा) आणि झोन दाखला (भूखंड कोणत्या वापराच्या क्षेत्रात येतो याचा) मागवायला सांगतो. यात एक गंमत हमखास होते. महापालिकेचे कारभारासाठी दहा झोन आहेत, आणि ‘आमचा झोन कोणता’ असे विचारले की लोक लक्ष्मीनगर किंवा धरमपेठ असे उत्तर देतात. मला मात्र विकास आराखड्यातील वापराचा झोन हवा असतो. भूखंड नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) भाडेपट्ट्याचा असेल, तर भाडेपट्ट्यात वापराची कोणती अट आहे हेही वाचावे लागते. मेट्रो मार्गापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात चटई क्षेत्राचे, म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येते याचे, नियम वेगळे आहेत, त्यामुळे दुसऱ्या वस्तीतील मित्राचे निवेदन नाव बदलून वापरू नये.

रस्त्याची रुंदी मोबाईलवर मोजणे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. दक्षिण-पश्चिम नागपुरातील एका ले-आउटमध्ये मंगल कार्यालयाचा प्रस्ताव आला होता आणि अर्जासोबतच्या नकाशात समोरचा रस्ता १२ मीटर दाखवला होता. रहिवाशांच्या समितीतील एका उत्साही तरुणाने उपग्रह नकाशावर बोट फिरवून सांगितले, “काका, डांबर तर साडेसहा मीटरच आहे, सरळ खोटा नकाशा दिला आहे.” मंजूर ले-आउटची प्रत काढून प्रत्यक्ष टेपने मोजूया, असे मी दोनदा सुचवले, पण त्याला आठ दिवस लागले असते आणि मंडळींना तेवढा धीर नव्हता. तक्रार गेली. नगररचना कार्यालयाने मोजणी केली, तेव्हा असे दिसून आले की मंजूर ले-आउटमध्ये रस्ता खरोखरच १२ मीटरचा आहे. मात्र दोन्ही बाजूंच्या घरमालकांनी कुंपणाच्या भिंती, गाडी चढवण्याचे उतार आणि बगिचे पुढे आणल्याने तो अरुंद झाला आहे. सर्वांत पुढे आलेली भिंत समितीच्या अध्यक्षांची होती, ८० सेंटिमीटर. अतिक्रमणाची पहिली नोटीस त्यांच्याच घरी आली आणि त्यानंतर समितीची बैठक भरली नाही.

म्हणून मी तीन रुंदी वेगवेगळ्या लिहितो: मंजूर नकाशातील, कुंपण ते कुंपण, आणि गाडी खरोखर चालू शकेल अशी. परवानगी पहिलीवर मिळते आणि त्रास तिसरीमुळे होतो; मधल्या आकड्यावरून मात्र तक्रार करणाऱ्याने आधी स्वतःचे घर तपासावे. मोजणी ३० मीटरच्या टेपने, निदान तीन ठिकाणी, आणि दुसऱ्या टोकाला विरोधी मताचा माणूस उभा करून करावी, म्हणजे नंतर आकड्यावर वाद होत नाही.

चुकीच्या वेळी वाहने मोजणे

मंगळवारी सकाळी अकरा वाजता चौकात उभे राहून मंगल कार्यालयाच्या रहदारीचा अंदाज बांधणारे अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्यांतील काही चांगल्या पदव्या असलेल्या लोकांनी लिहिलेले होते. ज्या वेळी तो वापर चालणार आहे, त्याच वेळी मोजले पाहिजे. मंगल कार्यालय असेल तर तुळशीच्या लग्नानंतरची एखादी दाट तिथी निवडावी, तशाच एखाद्या चालू कार्यालयासमोर संध्याकाळी सात ते अकरा बसावे, आणि वराती, बँडचे दिवे, केटररचा टेम्पो व रस्त्यावर उभ्या राहिलेल्या गाड्या दर पंधरा मिनिटांनी नोंदवाव्यात. क्लास असेल तर तुकड्या सुटण्याची वेळ पकडावी, कारण तेव्हा दहा मिनिटांत शंभर सायकली आणि दुचाकी एकाच फाटकातून बाहेर पडतात. मी अजूनही वहीत पाच-पाच रेघांचे गठ्ठे मारतो. त्यासाठी वेगळे ॲप लागते असे मला वाटत नाही, डास चावणार हे मात्र गृहीत धरावे.

आवाजाबद्दल ‘खूप त्रास होईल’ एवढेच लिहू नये. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, ती लिहावी.

वाहनतळ केवळ चौरस मीटरमध्ये वाचू नये. खांबांमधून गाडी वळते का, हे नकाशावर पाहावे.

तळघर असेल, तर पाणी कोठे जाणार हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये जे पाणी शिरले, ते पाहिल्यानंतरही नाल्यालगतच्या तळघरांचे प्रस्ताव माझ्यासमोर येतात आणि त्यांत पंपाचा साधा उल्लेखही नसतो.

अकृषक आदेश, म्हणजे जमिनीच्या बिगरशेती वापराचा आदेश, ही बांधकाम परवानगी नव्हे.

शेवटची चूक हरकतीच्या टप्प्याची आहे. एका भूखंडाच्या साध्या बांधकाम परवानगीसाठी शेजाऱ्यांच्या हरकती सर्वसाधारणपणे मागवल्या जात नाहीत. तेथे नियमभंग दाखवणारी नेमकी तक्रारच उपयोगी पडते आणि सह्यांच्या संख्येने काही फरक पडत नाही. विकास आराखड्यातील भूखंडाचे आरक्षण किंवा वापर बदलायचा असेल, तर मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी एक महिना मिळतो. तो महिना सूचनेच्या तारखेपासून धावतो, आपल्याला व्हॉट्सॲपवर कळले त्या दिवसापासून नाही. सूचना दिसताच मी वर्तमानपत्राचे ते कात्रण वहीत चिकटवून शेजारी अखेरची तारीख लाल शाईने लिहितो. हरकत त्याच्या आठ दिवस आधी स्वतः नेऊन द्यावी, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोरून हलू नये.