पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर पाणी आणि गोळ्या: या चुका टाळा

डिस्चार्जच्या दिवशी सासूबाई दोन शहाळी घेऊन आल्या. लेकाची पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीची, गाठ नाकातून काढलेली, तोंड सुकलेलं, तेव्हा आता भरपूर पाणी पाजायचं हा त्यांचा साधा हिशेब. उन्हाळ्यात, तापात, मूतखड्यात हा सल्ला बरोबरच असतो. या ऑपरेशननंतरच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र तोच माणसाला आयसीयूत नेऊ शकतो. शहाळी मग मी प्यायले.

कारण असं, की लघवीवाटे किती पाणी जाऊ द्यायचं हे ठरवणारं व्हासोप्रेसिन हे हार्मोन पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवलेलं असतं. ऑपरेशनमध्ये त्या भागाला धक्का लागला की पहिल्या एक-दोन दिवसांत ते पाझरायचं थांबतं आणि लघवीचा लोंढा सुरू होतो. काहींच्या बाबतीत पुढे, साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात, दुखावलेल्या तंतूंमधला साठा बेहिशेबी गळू लागतो. आता शरीर पाणी सोडतच नाही, रक्त पातळ होतं, सोडियम घसरतं. साठा संपला की कधीकधी पुन्हा लोंढा. बऱ्याच जणांना यातला एकच टप्पा भेटतो, आणि सोडियम घसरण्याचा टप्पा नेमका घरी आल्यावर गाठतो.

म्हणून पहिली चूक: कोरड्या तोंडाला तहान समजणं. नाक बंद असल्यामुळे पेशंट तोंडाने श्वास घेतो, जीभ लाकडासारखी होते. तिथे चूळ भरा, ओठांना तूप लावा. पाणी खऱ्या तहानेपुरतंच. काही डॉक्टर पहिल्या आठवड्यात दिवसाला एक ते दीड लिटरची मर्यादा घालतात. तुम्हाला सांगितली असेल तर त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं धरायचं. मात्र लघवीचा लोंढा चालू असेल आणि घसा खरंच जळत असेल, तर पाणी तोडून ठेवणंही तितकंच धोक्याचं.

दुसरी चूक, अंदाजावर राहणं. ‘बरेचदा जातोय’ या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. आम्ही बाथरूममध्ये खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणि दोरीला पेन बांधलेली वही ठेवली होती. दुसऱ्या रात्रीची नोंद अजून आहे: 1 वाजता 600 मिली, 3 वाजता 650, 5 वाजता 600, रंग पाण्यासारखा. तासाला 250-300 मिलीच्या वर लघवी दोन-तीन तास सलग होत राहिली तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. आम्ही केला, आणि व्हासोप्रेसिनचं काम करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी सुरू झाली. हे औषध नाकातल्या फवाऱ्यातही मिळतं, पण नुकतंच नाकातून ऑपरेशन झालेलं असताना ते नीट शोषलं जाईलच असं नाही. एक डोस जास्त झाला तरी सोडियम पडतं, म्हणून ‘आज जरा जास्त लघवी झाली’ म्हणत स्वतःच्या मनाने अर्धी गोळी वाढवू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सातव्या दिवसाच्या आसपासची सोडियमची तपासणी टाळणं. माणूस चालतोय, बोलतोय, मग कशाला पुन्हा सुई? नवऱ्याची तक्रार तेव्हा एवढीच होती: डोकं जड आहे, जेवण नको. घरच्यांनी ते थकव्यावर ढकललं. रिपोर्ट आला 128. हवं असतं 135 ते 145. 128 हूनही खाली गेलं की उलट्या, भ्रमिष्टासारखं बोलणं, झटके. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ म्हणू नका. ग्लुकोजचं सलाईन म्हणजे शेवटी पाणीच. घरचं मीठ-साखर-लिंबूपाणीही नको. सोडियम वर आणायचं तेही दमाने, साधारण 24 तासांत आठ-दहा अंकांच्या आत, नाहीतर मेंदूला इजा होते. हे हॉस्पिटलचं काम आहे. आम्हाला पाणी कमी करूनच निभावलं.

आता स्टेरॉइड. हा शब्द ऐकला की आपल्याकडे कुणीतरी काका ‘लवकर बंद करा रे’ म्हणतातच. पण हायड्रोकॉर्टिसोनची ती गोळी म्हणजे पिट्युटरीच्या इशाऱ्यावर बनणारं जे कॉर्टिसोल हार्मोन शरीर आता बनवत नाहीये, त्याची भरपाई असते. उपवास असला तरी घ्यायची. ताप आला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे डोस वाढवायचा, बहुधा दुप्पट. उलटीत गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच हॉस्पिटल गाठायचं. कॉर्टिसोलची कमतरता भरून न काढता थायरॉइडची गोळी आधी सुरू करणं हीही धोक्याची गफलत, म्हणून दोन वेगळ्या डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शन असतील तर दोन्ही एकाला दाखवा. आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावर लघवी वाढली, तर गोळीला दोष देऊन ती थांबवू नका. कॉर्टिसोल कमी असताना झाकलेली व्हासोप्रेसिनची कमतरता त्यामुळे उघडी पडते, एवढंच. डॉक्टरांना कळवा.

राहिला नावाचा घोळ. फाइलवर ‘डायबेटिस इन्सिपिडस’ दिसलं की साखर बंद, मेथीचं पाणी सुरू. हे व्हासोप्रेसिनच्या कमतरतेने होणाऱ्या त्या लघवीच्या लोंढ्याचंच नाव, त्याचा साखरेशी संबंध नाही. घोळ घरच्यांपुरता नाही. 2009 मध्ये लंडनमधल्या एका हॉस्पिटलात हाच आजार असलेला 22 वर्षांचा तरुण खुब्याच्या सांध्याच्या ऑपरेशनसाठी दाखल होता. त्याचं औषध चुकलं, आणि तहानेने कासावीस होऊन त्याने वॉर्डातून पोलिसांना फोन लावला. तो वाचला नाही. 2022 मध्ये तज्ज्ञांनी या आजाराचं नाव ‘एव्हीपी डेफिशियन्सी’ (एव्हीपी म्हणजे व्हासोप्रेसिन, त्याची कमतरता) असं बदलायचं ठरवलं, पण जुनं नाव अजून सगळीकडे चालतं.

नवऱ्याच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक कागद आहे. त्यावर लाल पेनाने दोन्ही नावं लिहिली आहेत, खाली ‘साखरेचा आजार नाही’, मग डेस्मोप्रेसिन आणि हायड्रोकॉर्टिसोनचे डोस आणि माझा नंबर. गेल्या वर्षी दाताच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि दाढ काढण्याआधी स्वतःहून आमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, फोन लावला.