तेराव्यानंतर डबा घेऊन जा

पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी पाहुणे जातात आणि खरी पोकळी तेव्हा जाणवते. तुमची मदत तिथून पुढे ठेवा.

‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. दुःखात असलेल्या माणसाला काय हवं ते ठरवून मागायचं बळ नसतं, त्यामुळे फोन येत नाही. त्याऐवजी ‘गुरुवारी साडेसातला खिचडी आणतो, बोलायचं नसेल तर दारात ठेवून जाईन’ असं सांगा. एका माणसाला दोन वाट्या मऊ मुगाची खिचडी, थोडं ताक, लिंबाची फोड एवढं पुरे. जास्त दिलं तर ते फ्रीजमध्ये पडून राहतं. डबा परत मागू नका.

कागदपत्रांत सोबत जा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. उशीर झाला की विलंब शुल्क आणि पुढे वरिष्ठांची परवानगी लागते. दाखल्यावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. ‘सुनिता’चं ‘सुनीता’ झालं तरी बँकेत, विम्यात अडतं. पाच-सहा प्रती एकदमच घ्या. गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर घाईने बंद करू देऊ नका, बँका आणि बिलांचे संदेश त्यावरच येतात.

बसाल तेव्हा गेलेल्याचं नाव घ्या. ‘आता सावर’ मात्र नको. रडू आलं तर पाण्याचा पेला शेजारी ठेवा आणि गप्प बसून राहा.